चोवीस गुणांची उणीव

माझ्यात काय कमी आहे ते मी स्वतः, पूर्ण शुद्धीवर असताना, निळ्या बॉलपेनने एका कार्डावर लिहून दिलं. कोणी जबरदस्ती केली नव्हती. बदल्यात मला चोवीस गुण मिळाले आणि सौदा फार भारी झाला असं वाटून त्या दिवशी मी खुशीत घरी गेलो. आता ते आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. माझा राग आमच्याकडच्या एसटीसारखा आहे, येतो नक्की, पण उशिरा.

आधी खेळ सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही चौघं दर रविवारी दुपारी तीन वाजता नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका दातांच्या दवाखान्यात जमत होतो. दवाखाना आमच्यातल्याच एकीचा. रविवारी तिचे पेशंट नसत, म्हणून बाहेरची बसायची खोली आम्हाला मोकळी. भिंतीवर किडलेल्या दाढेचं दाराएवढं चित्र, हवेत लवंगतेलाचा वास, खिडकीत कूलर. टेबलावरची जुनी मासिकं खाली ठेवायची आणि तिथे फासे अन् कागद मांडायचे. दुसरा भिडू एका शाळेत चित्रकला शिकवायचा, बोलायचा कमी, खायचा जास्त, येताना सांबारवडीचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीचा, पुडा घेऊन यायचा आणि निम्मा स्वतःच संपवायचा. तिसरा माझा दोस्त. पॉलिटेक्निकला एका बाकावर बसलो तेव्हापासूनचा. हुडकेश्वरला माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून त्याचं घर. तो क्लासमध्ये पोरांना फिजिक्स शिकवतो, आणि बोलायला लागला की समोरचा माणूस घड्याळ विसरतो. चौथा मी. कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तयार माल तपासतो. दिवसभर दुसऱ्यांच्या मालातले दोष काढायचे, हा माझा धंदा. हे ऐकून हसायचं असेल तर हसून घ्या.

खेळ तोंडी असतो. एक जण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगत जातो. बाकीच्यांनी आपापलं एकेक पात्र बनवायचं, आणि गोष्टीत वाघ आला, नदी आडवी आली, कोणी दगाफटका केला, की आपलं पात्र काय करेल ते सांगायचं. जमलं की फसलं ते फासे ठरवतात. सूत्रधार अर्थातच माझा दोस्त होता. आमची गोष्ट सातपुड्याच्या जंगलात घडायची, जुन्या काळातली, किल्ले, वाटमारे, हरवलेली गावं असं सगळं.

यातली खरी मजा पात्र बनवण्यात. प्रत्येकाला शंभर गुण मिळतात. ताकद हवी, इतके गुण टाका. अक्कल हवी, इतके टाका. तिरंदाजी, झाडपाल्याची माहिती, गोड बोलणं, सगळ्याला गुण लागतात. आणि शंभरात काही केल्या माणूस बसत नाही. मग उणिवा घ्यायच्या. पात्र लंगडं केलं की दहा गुण परत, रातआंधळं केलं की आठ. ते परत आलेले गुण पुन्हा तिरंदाजीत टाकायचे. म्हणजे जितका माणूस एकीकडून पोकळ, तितका दुसरीकडून भरीव.

आता नागपूरची माणसं आम्ही. नियमात फट दिसली की बोट घातल्याशिवाय राहवत नाही. चित्रकलेच्या मास्तराने पहिल्याच वेळी आपल्या पात्राला समुद्राची भयंकर भीती लावून घेतली आणि पंधरा गुण उचलले. सातपुड्यात समुद्र कुठे? नागपूरपासून तरी कुठे? त्या पंधरा गुणांत तो असा तिरंदाज झाला की आम्हाला काम उरलं नाही. पुढच्या वेळी डॉक्टरणीने उंटाचा तिटकारा घेतला. मी बर्फ पडला की माझ्या पात्राला धाप लागते असं लिहिलं. तीन भिडू, तिघंही लबाड. दोन रविवार आमचं यावरूनच भांडण चाललं होतं.

तिसऱ्या रविवारी दोस्त एक पत्र्याची पेटी घेऊन आला. आत कोरी कार्डं आणि खाकी लिफाफे. तो म्हणाला, "यापुढं खोट्या उणिवा बंद. उणीव स्वतःची घ्यायची. खरी. आपल्या आयुष्यातली. कार्डावर लिहायची, लिफाफ्यात घालायची, अन् पेटी माह्याजवळ राहील. दुसऱ्या कोणाले दिसणार नाही. खऱ्या उणिवेले दुप्पट गुण."

नियम असा ठरला की एका गोष्टीत तो प्रत्येकाची उणीव तीन वेळा बाहेर काढू शकेल. त्याने ती काढली की फासे नाहीत, वाद नाही, पात्राने त्या उणिवेप्रमाणेच वागायचं. काढली की कार्डावर एक फुली मारायची. तीन फुल्या झाल्या की त्या गोष्टीपुरतं तुमचं पात्र सुटलं.

मला तो नियम फार आवडला. आजही सांगतो, नियम म्हणून तो उत्तमच होता. डॉक्टरीण आत जाऊन दात काढायच्या खुर्चीवर बसून लिहीत होती. मास्तर पेन चावत होता. मी लिहिलं, "कोणी 'तुझ्याशिवाय होणार नाही' म्हटलं, की मला नाही म्हणता येत नाही."

हे मी तोवर कोणाला सांगितलं नव्हतं. लहानपणी आई म्हणायची. टँकर आला की माझ्या हातात पाण्याचे दोन गुंड देऊन म्हणायची, "जा रे राजा, तुझ्याशिवाय माह्यं कोण करते." मी धावत जायचो. पुढे मोठ्या बहिणीच्या लग्नात काकाने म्हटलं, मी तीन दिवस झोपलो नाही. कारखान्यात साहेबाने म्हटलं, मी दिवाळीला कामावर गेलो. ते वाक्य कानावर पडलं की माझ्या आत काहीतरी कुत्र्यासारखं शेपूट हलवायला लागतं. लाज वाटण्यासारखीच गोष्ट आहे, म्हणून तर ती उणीव. दोस्ताने कार्ड वाचलं, माझ्याकडे पाहिलं, अन् म्हणाला, "बारा गुणांची आहे. दुप्पट म्हणजे चोवीस."

त्या चोवीस गुणांत मी एक वाटाड्या बनवला. जंगलातली कुठलीही वाट त्याला सापडायची. आणि सुरुवातीला दोस्ताने माझी उणीव अशी काही वापरली की मी खूश झालो. एका पाड्यावरची म्हातारी माझ्या वाटाड्याला म्हणाली, "बाबू, तुझ्याशिवाय आमचं होणार नाही," आणि माझा वाटाड्या सगळ्यांना पुढे पाठवून त्या पाड्यावर अडकला. म्हातारीचा आवाज दोस्त काढत होता. मी हसत होतो. मला वाटलं, हा एक माणूस आहे ज्याने मला आतून पाहिलंय, आणि तरी तो माझ्यासोबत बसतो.

आता घरचं सांगतो, कारण सगळं तिथेच येऊन आदळतं. माझी बायको बँकेत आहे. तिची बदली अमरावतीला झाली, तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. माहेर अमरावतीचंच, म्हणून ती मुलीला घेऊन तिकडे गेली आणि मी हुडकेश्वरच्या घरात एकटा राहिलो. शनिवारी कारखान्याची बस मला शहरात सोडायची, तिथून एसटीने अमरावती, पोहोचेपर्यंत नऊ वाजायचे. मुलगी पेंगत पेंगत जागी असायची. आणि रविवारी सकाळी दहाच्या बसने मी परत निघायचो, कारण तीन वाजता खेळ. मुलीला ते इतकं पाठ झालं होतं की रविवारी आंघोळ झाली की ती स्वतःच माझी बॅग ओढत दारापाशी आणून ठेवायची. रडायची नाही. तिला वाटायचं, सगळ्यांचे बाबा असेच असतात. बायको एकदा म्हणाली होती, "एक रविवार राहून पाहा." मी म्हटलं होतं, "चौघांचा खेळ आहे वं, एक नसला की बसते." ती पुन्हा म्हणाली नाही.

आणि मग दोन वर्षांपूर्वी देवाने हात पुढे केला. आमच्या कंपनीचं अमरावतीला एक छोटं युनिट आहे, तिथली तपासणीची जागा रिकामी झाली. साहेबाने मला बोलावून विचारलं, सोमवारपर्यंत सांग म्हणाला. एका घरात राहायचं, रोज संध्याकाळी मुलीला शाळेच्या गोष्टी विचारायच्या, एवढंच मला हवं होतं आयुष्यात. दुसरी कुठली मोठी हौस मला नव्हती. बायकोला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "खरंच?" त्या एका शब्दात किती काय होतं ते मला ऐकू आलं होतं. आलं होतं म्हणूनच मी आज स्वतःला माफ करू शकत नाही.

त्या रविवारी मी दवाखान्यात सगळ्यांना बातमी सांगितली. डॉक्टरणीने अभिनंदन केलं. मास्तराने सांबारवडीचा शेवटचा तुकडा मला दिला, यावरून समजून घ्या. दोस्ताने फासे मांडायला घेतले. खेळ संपल्यावर तो माझ्यासोबत गाडीपर्यंत चालत आला. मी किल्ली लावत होतो. तो म्हणाला, "तू जाय गा. बायको आहे, पोरगी आहे. मी काहून अडवू? फक्त एक सांगतो. हे सारं तुझ्याशिवाय होणार नाही."

बस. एवढंच. मी गाडी चालू केली आणि घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात बदली संपली होती. मला वाटलं, याच्या वडिलांना जाऊन वर्षही झालं नाही, आई आजारी, लग्न जमत नाही, रविवारचे हे चार तास हेच याचं घर आहे आणि ते मी मोडून चाललोय. एक वर्ष थांबू, जागा पुन्हा निघेल. सोमवारी साहेबाला नाही म्हटलं. बायकोला सांगितलं, कंपनीने अडवलं, नवीन मशीन येतंय, पुढच्या वर्षी पाहू म्हणतात. ती म्हणाली, "बरं." मी तिच्याशी लग्नानंतर बोललेलं पहिलं मोठं खोटं ते. त्या जागेवर दुसरा माणूस गेला, तिथे त्याने फ्लॅटही घेतला, आणि जागा पुन्हा काही निघाली नाही.

यंदा पावसाळा सरता सरता दोस्ताला डेंग्यू झाला. शुक्रवारी त्याचा फोन आला. आवाज पार खाली गेलेला. "या रविवारी सूत्रधार तू हो. पेटी घरून घेऊन जाय. दुसऱ्या कोणाले जमत नाही, तुझ्याशिवाय होणार नाही." मी त्या शनिवारी अमरावतीला उशिरा गेलो, कारण आधी त्याच्या घरून पेटी घ्यायची होती. त्याच्या आईने दिली. ती म्हातारी बिचारी माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "तू आहेस म्हणून बरं आहे बाप्पा." तिचा मी काही राग धरत नाही.

रविवारी मी बसस्टँडवरून थेट दवाखान्यात पोहोचलो. अडीच वाजले होते. डॉक्टरीण कूलरमध्ये पाणी भरत होती. सूत्रधारी माझ्याकडे, म्हणजे माझा वाटाड्या त्या दिवशी तिने चालवायचा होता, आणि चालू गोष्टीत त्याच्या उणिवेच्या किती फुल्या उरल्यात ते पाहणं भाग होतं. दुसऱ्यांच्या लिफाफ्यांना मी हात लावला नाही. माझा काढला.

कार्डाच्या पुढच्या बाजूला माझं अक्षर, खाली ओळीत फुल्या. तीन गोष्टी आम्ही पुऱ्या खेळलो होतो, चौथी चालू होती. अकरा फुल्या. बरोबर. म्हणजे एक उरली होती. मी कार्ड परत लिफाफ्यात सारणार, तेवढ्यात ते उलटं झालं.

मागच्या बाजूलाही फुल्या होत्या. प्रत्येक फुलीपुढे त्याच्या बारीक, फळ्यावर लिहायची सवय असलेल्या अक्षरात एकेक शब्द. कूलरची मोटर. आईचा एमआरआय. घराचं रंगकाम. क्लासचे पेपर. पुन्हा आई, दवाखाना. मला प्रत्येक वेळ आठवली. मे महिन्यात त्याच्या गच्चीवर उकडत मी मोटर बसवली होती ती. अर्धी रजा टाकून रामदासपेठेतल्याच एका हॉस्पिटलात त्याच्या आईजवळ चार तास बसलो होतो, तेव्हा तो क्लासमध्ये होता. त्या प्रत्येक वेळी त्याने तेच वाक्य म्हटलं होतं, शब्द न् शब्द तेच, आणि मला वाटलं होतं की माणूस अडचणीत बोलून गेला. सहावी फुली होती, तिच्यापुढे लिहिलं होतं, बदली.

सगळ्यात शेवटी एक ताजी फुली होती. तिच्यापुढे डेंग्यू. तापामुळे अक्षर हललं होतं. म्हणजे एकशेतीन तापात पडल्या पडल्या त्याने मला फोन केला, मी हो म्हटलं, आणि त्याने उठून पेटी उघडून फुली मारली. अन् मग तीच पेटी माझ्या हाती द्यायला सांगितली. ताप होता म्हणून विसरला असेल. किंवा मी उलटून पाहणार नाही याची त्याला इतकी खात्री होती.

मला केसाने गळा कापल्यासारखं झालं. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. त्याने कामं करून घेतली याचं मला काही नाही, दोस्तीत कामं करतातच, त्याने नुसतं "ये बे" म्हटलं असतं तरी मी गेलो असतो. पण मी जे त्याला लाजत लाजत, विश्वासाने लिहून दिलं होतं, त्याची त्याने किल्ली केली. आणि दर वेळी कुलूप उघडलं की खूण केली. माझ्याकडे पाहताना त्याला सतरा वर्षांचा दोस्त दिसत नव्हता, त्याला कार्ड दिसत होतं.

आणि ऐका माझी कथा. मी त्या दिवशी खेळ घेतला. चार तास. म्हाताऱ्यांचे, वाटमाऱ्यांचे आवाज काढले. डॉक्टरीण जाताना म्हणाली, "तू पण चांगला सूत्रधार आहेस रे." मी थँक्यू म्हटलं. इतका मी मूर्ख.

दोन रविवारांनी दोस्त बरा होऊन आला. गाल बसलेले, हातात पपईच्या पानांच्या रसाची बाटली. मास्तराने त्याला खुर्ची ओढून दिली. सगळे बसल्यावर मी कार्ड टेबलावर ठेवलं, मागची बाजू वर करून, आणि विचारलं, "हे काय आहे?"

तो आधी हसला. "अबे, ते गंमत म्हणून." मग माझा चेहरा पाहून हसायचा थांबला.

मी म्हटलं, "बदली पण गंमत?"

डॉक्टरणीने कार्ड ओढून घेतलं, वाचलं, मास्तराकडे दिलं. दोस्त टेबलाकडे पाहत म्हणाला, "तू लिहून देलं होतं. मी काही चोरून वाचलं नाही. अन् मी तुले जाऊ नको म्हटलं का? जाय म्हटलं होतं. आठव. नाही म्हणायचं होतं न गा तुले."

मी म्हटलं, "नाही म्हणता येत नाही, हेच तर लिहून देलं होतं तुले."

"मग मी काय करू? चौथा माणूस गेला असता तर खेळ बसला असता. हा माह्या आयुष्यात एकच..." तो थांबला. डोळे भरून आले होते त्याचे. खरे होते ते, मी सतरा वर्षं ओळखतो त्याला. म्हणून जास्त चीड आली. तो खोटारडा असता तर सोपं गेलं असतं.

मास्तराने पेटीतून स्वतःचा लिफाफा काढला आणि कार्ड उलटून पाहिलं. मागे काही नव्हतं. त्याची उणीव सकाळी लवकर उठवत नाही ही होती, ती कोणाच्या काय कामाची? डॉक्टरणीने आपला लिफाफा न उघडताच फाडला, चार तुकडे केले आणि कापसाच्या डब्यात टाकले. ती दोस्ताकडे वळून म्हणाली, "तुझं कार्ड कुठे आहे रे? तू पण लिहिलं होतं ना?"

त्याचं कार्डच नव्हतं. सूत्रधाराचं पात्र नसतं, पात्र नाही म्हणून उणीव नाही. इतकी वर्षं आम्ही तिघं आपापली दुखरी जागा त्याच्या पेटीत ठेवून बसलो होतो आणि त्याची कोणाकडेच नव्हती. कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

मी बॅग उचलली. तो दारापर्यंत आला. त्या किडलेल्या दाढेच्या चित्राखाली उभा राहून, अगदी मनापासून, हात जोडायचाच बाकी ठेवून तो म्हणाला, "असं नको करू यार. तुझ्याशिवाय होणार नाही गा."

आणि माझ्या आतलं ते कुत्रं तेव्हाही उठलं. सगळं कळलेलं असून उठलं. मी खिशातलं पेन काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. म्हटलं, "घे. फुली मार." त्याने पेन घेतलं नाही. मी कार्ड उचलून खिशात घातलं आणि जिना उतरलो. मागून कोणी आलं नाही.

पुढच्या शनिवारी मी नेहमीसारखा अमरावतीला गेलो. रविवारी सकाळी मुलीने आंघोळ झाल्यावर बॅग दारात आणून ठेवली. मी म्हटलं, "ठेव आत, बाबा आज जात नाही." ती माझ्याकडे पाहत राहिली, मग आईला विचारायला गेली की बस बंद आहे का. बायको गॅलरीत मेथी निवडत बसली होती. मी समोर बसून कार्ड तिच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. कंपनीने अडवलं नव्हतं, हेही सांगितलं. ते सांगताना माझ्याने तिच्याकडे पाहवलं नाही.

तिने कार्डाची पुढची बाजू वाचली, मग मागची. तिचं बोट 'बदली'वर थांबलं. मला वाटलं आता ओरडेल. मी तर वाटच पाहत होतो. तिने बोट तिथून हलवलं नाही, म्हणून मीच बोलत सुटलो. दोस्ताला शिव्या घातल्या. म्हटलं, "त्याले बरोबर ठाऊक होतं. एक वाक्य म्हटलं की मी जागचा हलत नाही. अख्ख्या दुनियेत त्याले एकट्याले ठाऊक होतं, अन् त्यानं असा डाव साधला."

"मलेही ठाऊक होतं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून. तुमच्या आईनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. म्हणे, त्याच्यापासून काही पाह्यजे असलं तर असं म्हणजो, नाही म्हणणार नाही."

मी आठवायला लागलो. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून ते वाक्य कधी ऐकलं होतं? मुलगी झाली तेव्हा नाही. ती एकटी इकडे सामान घेऊन आली तेव्हा नाही. मुलीला निमोनिया झाला होता तेव्हाही फोनवर नुसतं म्हणाली होती, दवाखान्यात आहे, बरी आहे.

"मग बदलीच्या वेळी ते वाक्य काहून नाही म्हटलं तू?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, आता तिच्यावर. "एकदा म्हटलं असतं तर मी आलो असतो."

"आलेच असते," ती म्हणाली. तिने कार्ड माझ्या गुडघ्यावर ठेवलं आणि मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली. "ते तर कोणाच्याही म्हटल्यावर आले असते तुम्ही. तुम्ही आपल्या मनानं येता का, ते मी पाहून राहिली होती."